हौसाक्काची दाढ

तुमच्या पणजोबांच्या पणजोबांना दुधाचे दातही आले नव्हते, त्याच्याही फार आधीची ही गोष्ट. एका राज्यात डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. गाव लहान, पण शहाणं. पाऊस तिथला लहरी. चार-पाच वर्षं मनासारखा पडायचा आणि मग एखाद्या वर्षी पाठ फिरवायचा. म्हणून गावानं एक रीत पाडली होती. दर सुगीला प्रत्येक घरानं आपल्या जोंधळ्यातलं एक पोतं गावच्या पेवात घालायचं.

आता पेव म्हणजे काय, हे लहानांना सांगायला हवं. कठीण मुरमात दोन पुरुष उंचीइतका खोल खड्डा खणायचा. तोंड अरुंद, पोट मोठं. आत आधी जाळ करून भिंती शेकून घ्यायच्या, तळाला कडबा पसरायचा, वर धान्य ओतायचं आणि तोंडावर शिळा ठेवून ती शेणामातीनं लिंपून टाकायची. झालं पेव. धान्य कोरडं असलं तर तीन वर्षं दाण्याला काही होत नाही. पण त्यात ओला दाणा गेला, की तो आतल्या आत तापतो, कुबट होतो, शेजारच्यालाही नासवतो, आणि वर शिळेवर उभ्या माणसाला त्याचा पत्ता नसतो. भर दुष्काळात शिळा उचलावी आणि हाती काळा गोळा यावा, तर गावानं खायचं काय? माती?

म्हणून पेव भरायच्या दिवशी दाणा पारखायला एक माणूस नेमलेलं असे. तीस वर्षं ते माणूस म्हणजे हौसाक्का.

बाई दिसायला चारचौघींसारखीच. सावळी, काटक, बोलायला फटकळ, करायला पुढं. पण तिची उजवी दाढ म्हणजे, काय सांगू तुम्हाला! पेवाच्या तोंडाशी घोंगडी अंथरून ती बसायची. एकेका घरचं पोतं पुढं यायचं. ती कोपरापर्यंत हात घालून तीन दाणे काढायची, एक वरचा, एक मधला, एक तळाचा. दाणा उजव्या दाढेखाली धरायची, डोळे मिटायची आणि चावायची. वाळलेला दाणा कट्कन फुटायचा. तो आवाज तिला कानानं नाही, जबड्याच्या हाडातून ऐकू यायचा. दाण्यात ओल असली तर तो फुटायच्या आधी जरासा चेपायचा, अगदी जरासा, आणि तेवढ्यावरून तिला कळायचं. मग ती शांतपणे म्हणायची, अजून दोन उन्हं द्या. की पोतं माघारी.

एका वर्षी खुद्द पाटलांचं पोतं तिनं माघारी धाडलं. पाटील म्हणाले, आमच्या खळ्यावर ऊन उशिरा येतं, त्याला आम्ही काय करणार? हौसाक्का म्हणाली, ऊन कधीही येऊ द्या, मी उन्हाला विचारत नाही, दाण्याला विचारते. पाटलांनी निमूट पोतं उचललं आणि दोन दिवसांनी पुन्हा आणलं. मनात धरलं नाही त्यांनी, हेही सांगायला हवं. गाव शहाणं होतं म्हणालो ना मी.

तिच्या तीस वर्षांत पाच दुष्काळ आले. पाचही वेळा शिळा उचलली आणि पाचही वेळा दाणा ठेवला तसा निघाला. आजूबाजूच्या गावांतून माणसं परागंदा झाली, बैल सोडून दिले, पण या गावातली एकही चूल कधी विझली नाही. एका दाढेनं एवढं केलं! असं माणूस आपल्या गावात असावं, असं कुणाला वाटणार नाही?

आणि बाई त्या दाढेला जपायचीही तशीच. उजव्या बाजूनं कधी ऊस सोलला नाही, सुपारी फोडली नाही, की लेकरांच्या हट्टापायी बोराची बी फोडली नाही. रोज सकाळी बाभळीची काडी, रोज जेवल्यावर खळखळून चूळ. देवाच्या मूर्तीला कुणी एवढं जपत नसेल.

पण मानाबरोबर एक अटही होती. दाढ पडली की घोंगडी दुसऱ्याची. हौसाक्काच्या आधी ही घोंगडी तिच्या सासूची होती. सासूची दाढ म्हातारपणी हलली आणि एक दिवस पडली. त्या दिवशी गावानं तिला लुगडं-चोळी केली, ओटी भरली, सगळं रीतीप्रमाणे झालं. पण दुसऱ्या दिवसापासून म्हातारी ओसरीच्या कोपऱ्यात बसली ती बसलीच. येणाराजाणारा हौसाक्काशी बोलायचा आणि म्हातारी नुसती बघत राहायची. हौसाक्कानं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याचा तिनं मनात कायमचा धसका घेतला होता.

तर ज्या दाढेनं तीस वर्षं दाणे फोडले, ती दाढ मोडली कशावर? ऐकाल तर हसाल. लाह्यांतल्या गणंगावर.

नागपंचमीचा दिवस. सुनेनं, रंगूनं, सुपात लाह्या काढल्या होत्या. गणंग म्हणजे न फुटलेला दाणा, लाह्यांच्या तळाशी राहतो, खड्यासारखा टणक. हौसाक्का नातीशी काहीतरी थट्टा करत होती, हसता हसता मूठभर लाह्या तोंडात टाकल्या, आणि उजवीकडं कडक् असं वाजलं. हा आवाज दाण्याचा नव्हता. तीस वर्षं आवाज ऐकणाऱ्या बाईला ते लगेच कळलं. जिभेला एक धारदार कड लागली. तिनं हातावर थुंकून पाहिलं, तर तिळाएवढा पांढरा कपचा.

तिनं इकडंतिकडं पाहिलं. रंगू चुलीशी होती, नात लाह्यांत दंग होती. हौसाक्कानं तो कपचा हळूच राखेत टाकला आणि वर राख सारली.

आता इथं, मंडळी, तिनं उठून वैद्याकडं जायला हवं होतं. नदीपल्याड वैद्यबुवा राहत. दातांच्या कामात त्यांचा हात असा हलका, की वाघानंही आ करावा. पण वैद्यबुवांच्या ओसरीवर आठ गावची माणसं बसलेली असत. हौसाक्कानं तिथं तोंड उघडलं, की संध्याकाळपर्यंत ही खबर गावात पोचणार. मग लोक म्हणणार, हौसाक्काची दाढ गेली. मग लुगडं-चोळी, मग ओटी, मग ओसरीचा कोपरा. तिनं स्वतःची समजूत घातली. दुखत नाही ना? मग झालं तर. नुसता कपचा उडालाय, दाढ जागेवर आहे.

श्रावण गेला. भादव्यात गार पाणी प्याल्यावर कळ यायला लागली. ती पाणी डाव्या बाजूनं पिऊ लागली. दिवाळीत करंजी खाताना सारण दाढेत शिरलं आणि कळ पार कानशिलापर्यंत गेली. तिनं लवंग धरली. लवंगेनं भागेना, तर मिठाच्या गरम पाण्याच्या गुळण्या धरल्या. मोडलेल्या कोपऱ्यातून दाढ आतून पोखरत चालली होती. जिभेला खळगा मोठा लागत होता, पण जीभ काही गावात सांगायला जात नाही.

रंगूच्या मात्र लक्षात आलं. आत्याबाई भाकरी दुधात भिजवतात, डाव्या गालानं चावतात, हसताना ओठ दाबतात. एकदा तिनं विचारलंच, की आत्याबाई, दाढ दुखते का. हौसाक्कानं एवढंच म्हटलं, की माझ्या तोंडात बघण्यापेक्षा तव्यावर बघ, भाकरी करपतेय. भाकरी करपत नव्हती. रंगू तव्याकडं वळली. सून कितीही शहाणी असली तरी सासूच्या तोंडात किती डोकावणार?

आणि मग पौषात एक चमत्कार झाला. निदान हौसाक्काला तो चमत्कार वाटला. एके सकाळी उठली तर दुखणं साफ थांबलेलं. गार पाणी प्याली, काही नाही. गूळ खाल्ला, काही नाही. तिला एवढा आनंद झाला की तिनं देवीला नारळ फोडला. लवंगेनं गुण दिला, मिठानं गुण दिला, आपली दाढ आहेच तशी दणकट, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं, असं तुम्हीआम्हीही समजतो की नाही? तसंच.

माघात जोंधळा कापणीला आला. खळी लागली, मळणी झाली. पीक असं आलं होतं की बघत राहावं. आणि फाल्गुनात, पेव भरायला चार दिवस राहिले असताना, भलत्या वेळी अवकाळी सर आली. अर्धी खळी वाचली, अर्धी भिजली. लोकांनी दाणा उपणला, चटयांवर पसरला, हातानं खालीवर केला. कुणाचा वाळला, कुणाचा वरवर वाळला. पण कुणाला फिकीर नव्हती. हौसाक्का बसलीय ना पारखायला!

त्याच चार दिवसांत हौसाक्काचा उजवा गाल जड झाला. आधी हिरडीवर हरभऱ्याएवढी फुगवटी, मग गालाला सूज, मग अंगात कसकस. तिनं पदर गालावरून घट्ट ओढून घेतला आणि लोकांना सांगितलं, की सरदी झालीय, कानात वारं गेलंय.

पेवाचा दिवस उजाडला. हलगी वाजली, गाव जमलं, पहिलं पोतं पुढं आलं. हौसाक्कानं तीन दाणे काढले आणि उजव्या दाढेखाली पहिला धरला. दाणा फुटायच्या आधीच अशी कळ आली की डोळ्यांपुढं काजवे चमकले. दुसरा दाणा तिनं डावीकडं घेतला. पण डाव्या दाढेला ती विद्या कुठली? कट् वाजलं खरं, पण ते कोरड्याचं होतं की ओल्याचं, हे जबड्याला उमगेना. कानाला दडे बसल्यासारखं झालं होतं. पहिली काही पोती तिनं जिवाच्या करारानं पारखली, दाणे पुन्हा पुन्हा चावून, नखानं दाबून. एक पोतं माघारीही धाडलं. मग अंगात ताप चढत गेला, ऊन चढत गेलं, डावी बाजूही ठणकू लागली. पोत्यांची रांग तर संपेना.

आणि मग तिनं ते केलं, जे तीस वर्षांत कधी केलं नव्हतं. दाणा तोंडात टाकला, डोळे मिटले, चावल्यासारखं केलं आणि हात वर केला. घाला पेवात.

लोकांनी पोतं रिकामं केलं. कुणाला संशय आला नाही. तिचा हात वर झाला, की लोक तो सूर्य उगवण्याइतका खरा मानत. पुढचं पोतं तसंच, त्याच्या पुढचं तसंच. संध्याकाळी शिळा बसली, शेणामातीनं लिंपली, वर हळदकुंकू वाहिलं. पाटलांनी गूळ वाटला. हौसाक्का घरी येऊन भिंतीला टेकून बसली आणि जेवली नाही.

तिला झोप येईना, ती तापानं नव्हे. डोळ्यांपुढं पेव यायचं. कुणाची पोती ओली असतील? खालच्या अंगाच्या वस्तीची खळी भिजली होती, त्यांची पोती शेवटी आली होती. म्हणजे त्यांचा दाणा वरच्या थरात असणार. अजून वेळ होता. उठावं, पाटलांकडं जावं, सांगावं. पण काय सांगावं? की मी गावाला फसवलं? पहिला दिवस तिनं असा काढला. दुसरा काढला. तिसऱ्या दिवशी तिनं मनाशी पक्कं केलं, मान गेला चुलीत, उद्या सकाळी सांगून टाकायचं.

चौथ्या दिवशी सकाळी तिचं तोंड उघडेना.

जबडा असा घट्ट बसला की दातांत बोटही शिरेना. सूज गालावरून गळ्यात उतरली होती, डोळा झाकला होता, अंग भट्टीसारखं तापलं होतं. गिळताना पाण्याचा थेंब घशात अडकायचा. बोलायला जावं तर नुसतं गुरगुरणं. मन सांगायला तयार झालं तेव्हा तोंडच बंद झालं होतं.

रंगू घाबरली, पण हातपाय गाळून बसली नाही. तिनं नवऱ्याला तडक वैद्यबुवांकडं पिटाळलं आणि सासूचं डोकं मांडीवर घेतलं. हौसाक्का हातवारे करू लागली. एक बोट जमिनीकडं दाखवी, मग दोन्ही हातांनी काहीतरी उचलल्यासारखं करी. रंगूला वाटलं, उठवून बसवायला सांगताहेत. उठवलं तर मान हलवली. रंगूनं पाणी आणलं, पांघरूण आणलं, नातीला पुढं केलं. हौसाक्काच्या उघड्या डोळ्यातून पाणी वाहू लागलं. बाई मरायला भ्यालेली नव्हती. आपण असंच मेलो तर पेवात काय आहे हे गावाला कुणी सांगणार नाही, आणि पावसानं पाठ फिरवली की ही लेकरं उपाशी मरतील, हे तिला दिसत होतं.

दुपार कलायच्या आत वैद्यबुवा आले. म्हातारे, पण पावलं झपाझप. त्यांनी गालाला हात लावला, नाडी पाहिली आणि रंगूला हळू आवाजात सांगितलं, की आणखी दोन दिवस गेले असते तर मला बोलवायची गरज राहिली नसती. ही सूज गळा दाबून माणूस मारते. मग त्यांनी शेक दिला, दातांच्या फटीतून लाकडाची पाचर हळूहळू सरकवली, तसूतसूनं जबडा सोडवला. पातं जाळावर धरून हिरडीवर लहानशी चीर दिली. जे आतून निघालं त्याचं वर्णन मी करत नाही, तुम्ही जेवून आला असाल. शेवटी सांडशी घालून त्यांनी दाढ काढली. दाढ कसली, नुसतं टरफल उरलं होतं, बोटानं दाबलं तर चुरा व्हावा असं.

एवढं होताना हौसाक्कानं हूं की चूं केलं नाही. रंगूनं तिच्या ओठाला पाण्याची वाटी लावली. तिनं वाटी बाजूला सारली. रक्तानं भरलेल्या तोंडानं तिनं पहिला शब्द उच्चारला तो असा,

"पेव उघडा."

रंगूला वाटलं, तापात बरळताहेत. हौसाक्कानं तिचं मनगट धरलं.

"पाटलांना बोलव. मी शुद्धीवर आहे. निम्मी पोती मी चावलीच नाहीत."

पाटील आले, त्यांच्या मागं अर्धं गाव आलं. हौसाक्का भिंतीला टेकून उठून बसली. कुणी आधाराला धावलं तर त्याला हातानं थांबवलं. आणि तिनं सगळं सांगितलं, नागपंचमीच्या लाह्यांपासून. राखेत टाकलेला कपचा सांगितला, सरदीची थाप सांगितली, चावल्याचं केलेलं सोंग सांगितलं. एक शब्द झाकला नाही, एक कारण पुढं केलं नाही. तीस वर्षं ज्या तोंडासमोर गाव उभं राहत आलं होतं, त्या तोंडानं गावासमोर स्वतःची चूक सांगितली. मला विचाराल तर त्या बाईच्या साऱ्या आयुष्यात ती एवढी मोठी कधी दिसली नसेल. पाच दुष्काळ तारले तेव्हासुद्धा नाही.

कुणीतरी मागं पुटपुटलं, खालच्या वस्तीतला एक जण रागानं काही बोलणार होता. पाटलांनी त्याच्याकडं नुसतं पाहिलं. मग ते म्हणाले, की बोलायचं ते मागाहून बोलू, आधी शिळा काढू.

शिळा काढली. पेवातून गरम वाफारा आला आणि त्याबरोबर आंबूस वास. आतली हवा बाधते, म्हणून कुणी लगेच उतरलं नाही. दिवसभर तोंड उघडं ठेवलं, दोरीनं दिवा आत सोडून पाहिला. पहिल्यांदा विझला, दुसऱ्यांदाही विझला. तिसऱ्यांदा जळत राहिला, तेव्हा माणसं उतरली. वरच्या थरातला दाणा तापला होता. काही ठिकाणी तर तो बुरशीनं पांढरा झाला होता, गुरांनाही घालण्यासारखा उरला नव्हता. त्यांच्याखालचा दाणा दमट झाला होता, पण नासला नव्हता. तळाचा तर खणखणीत होता. गावानं कामधाम टाकलं, सगळं धान्य उपसलं, चटयांवर पसरलं, बायका-पुरुष-पोरं उन्हात उभी राहून खालीवर करत राहिली. आणखी महिनाभर शिळा बंद राहिली असती तर पेव तळापर्यंत गेलं असतं, असं जाणती माणसं म्हणाली. वाचले ते चार वाट्यांतले तीन वाटे, ते खणखणीत वाळवून पुन्हा पेवात घातले आणि शिळा लिंपली.

आणि पाऊस? त्यानं त्याच वर्षी पाठ फिरवली. आषाढ कोरडा गेला, श्रावण कोरडा गेला. गावानं पेव उघडलं आणि दोन वेळांऐवजी दीड वेळ जेवून वर्ष काढलं. पोटाला चिमटा बसला, पण मेलं कुणी नाही.

आता वैद्यबुवांचं राहिलं. हौसाक्काला बरं वाटू लागलं तेव्हा ते पुन्हा पाहायला आले होते. तिनं त्यांना विचारलं, की पौषात दुखायचं थांबलं होतं ते कसं. वैद्यबुवा म्हणाले, "बाई, ती दाढ बरी झाली नव्हती, ती मेली होती. मेलेलं दुखत नाही. पण आत कुजत राहतं आणि हाडात उतरतं." मग तिनं दुसरं विचारलं, की नागपंचमीला आले असते तर?

वैद्यबुवांना खोटं बोलता येत नसे. त्यांनी सांगितलं, "धारदार कड घासून टाकली असती, खळगा बुजवला असता. अर्ध्या घटकेचं काम. ती दाढ तुला मरेपर्यंत पुरली असती."

हे ऐकल्यावर मात्र ती बाई रडली. सांडशीला रडली नाही, तापाला रडली नाही, गावासमोर रडली नाही, आणि या एका वाक्याला पदरात तोंड घालून रडली. ज्या मानासाठी दाढ लपवली, तो मान दाढ दाखवली असती तरच राहणार होता.

घोंगडी रंगूकडं गेली. तो निवाडा गावानं केला आणि हौसाक्कानं स्वतः ती घोंगडी झटकून तिच्या हाती दिली. पाटील लुगडं-चोळी घेऊन आले, तर तिनं ती घेतली नाही. म्हणाली, मला ओसरीच्या कोपऱ्यात बसवायचा बेत असेल तर सोडून द्या, मी बसणारी नाही. आणि खरंच बसली नाही. दर श्रावणात ती काठी टेकत घरोघर फिरू लागली. म्हाताऱ्यांना, पोरांना, नव्या सुनांना दारात उभं करून म्हणायची, आ कर. कुणाच्या दाताचा कपचा उडालेला दिसला, कुठं काळा ठिपका दिसला, की त्याच दिवशी त्याला नदीपल्याड धाडायची. कुणी कुरकुरलं तर त्याच्याबरोबर स्वतः जायची, वाटेत बोलून बोलून त्याला हैराण करायची आणि वैद्यबुवांसमोर नेऊन बसवायची. रंगूचे दात तर ती दर अमावस्येला पाहायची. सून आता बिनतक्रार आ करायची.

एकदा एक नवी सून पदरानं तोंड झाकून दाराआड उभी राहिली. पुढचा दात मोडला होता आणि सासरी कळू द्यायचं नव्हतं. हौसाक्का तिच्यासमोर उकिडवी बसली. जी बाई सहा महिने ओठ दाबून हसली होती, तिनं त्या पोरीपुढं आपलं तोंड कानापर्यंत फाकवलं आणि आत बोट दाखवलं.

"बघ पोरी. इथं माझी दाढ होती. मोडली तेव्हा एका वैद्याला दाखवली नाही, म्हणून आता हे खिंडार साऱ्या गावाला दाखवत फिरते."

पोरीनं पदर काढला. त्याच दुपारी दोघी नदी ओलांडून गेल्या.

तात्पर्य : मोडलेला दात पहिल्याच दिवशी वैद्याला दाखवावा, लपवलेलं लहान दुखणं आपल्याला तर पोखरतंच, आपल्यावर विसंबलेल्यांनाही बुडवतं.